मागचे दोन स्क्रू

दादाने माझ्या कानाखाली मारली तेव्हा मी ओठांत दोन स्क्रू धरले होते. एक उडून टेबलाखाली गेला, दुसऱ्याने हिरडी फाटली. कानात शिट्टी वाजायला लागली. तो काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं, पण त्याचा हात पुन्हा वर गेलेला दिसला म्हणून मी मान खाली घातली.

शिट्टी थोडी उतरली तेव्हा शब्द कळले.

"आप्पांची गाडी अशी वाजायची?"

टेबलावरची गाडी दोन्ही हातांत धरून तो हलवत होता. खडखड, खडखड.

"नाही," मी म्हणालो.

"मग ही का वाजते?"

गाडी म्हणजे हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी. त्या वर्षी लांज्यात या गाड्यांचं वेड आलं होतं. क्रॉलर म्हणायचे. पळायचं तिचं काम नाही. दगडांवरून मुंगीसारखं चढायचं. मऊ, जाड टायर, आणि प्रत्येक चाक आपापल्या उंचीवर. माझ्या गाडीची चेसिस मी जुन्या करवतीच्या दोन लांब पात्यांची केली होती, मध्ये नायलॉनच्या आडव्या पट्ट्या. एक चाक दगडावर चढलं की सगळी चेसिस ओल्या कपड्यासारखी पिळायची आणि उरलेली तीन चाकं जमिनीला धरून राहायची. फिटरचा कोर्स मी आयटीआयमध्ये केला होता. तिथल्या वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी नारकर सरांनी मला ती बनवू दिली.

वरची बॉडी दादाची. आमचं गॅरेज डेंटिंग-पेंटिंगचं. त्याने दोन महिने खपून फायबरची बॉडी ओतली होती, हुबेहूब आप्पांच्या जीपची. पांढरा रंग, निळा पट्टा, टपावर कॅरिअर, आणि डाव्या मडगार्डवर जो पोचा होता तोसुद्धा. आमचे वडील, आप्पा, एकोणीस वर्षं प्रवासी जीप चालवत होते. चार वर्षांपूर्वी अणुस्कुऱ्याच्या घाटात जीप खाली गेली. आत ते एकटेच होते. गावात बोललं गेलं की प्यायले होते. आप्पा पीत नव्हते. असं बोलणाऱ्या एकाचे दात दादाने एसटी स्टँडवर पाडले, आणि दुसऱ्याला सलूनच्या खुर्चीतून, तोंडावर साबण असतानाच, ओढून रस्त्यावर आणलं. त्यानंतर आमच्यासमोर कुणी बोललं नाही.

अडचण अशी होती की खालची चेसिस पिळणारी आणि वरची बॉडी टणक. नारकर सरांनी मला ते ट्रकवर समजावलं होतं. आयटीआयच्या फाटकाबाहेर एक ट्रक उभा होता. त्याच्या हौद्याखाली वाकून ते म्हणाले, "हे बघ. हौदा चेसिसवर वेल्ड केलेला नाही. मध्ये लाकूड आहे आणि यू-बोल्टने बांधलाय. का? खड्ड्यात चेसिस पिळते. हौदा तिच्यासोबत पिळला तर फाटेल. तुझ्या गाडीचंही तसंच कर. पुढचे दोन स्क्रू घट्ट. मागच्या दोघांना लांबट भोकं पाड, रबराचे वायसर घाल आणि सैल सोड. बॉडी मागून थोडी तरंगली पाहिजे."

मी तसंच केलं होतं. म्हणून ती वाजत होती.

"सर म्हणाले, मागचे दोन..."

"सर गेला खड्ड्यात. बॉडी मी बनवलीय. माझी बॉडी वाजणार नाही. चारही आवळ."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात आली. माझ्या हनुवटीवरचं रक्त तिने पाहिलं, कप टेबलावर ठेवले आणि आत गेली. त्या आठवड्यात तिच्या मनगटावरही हिरवा-पिवळा डाग होता. आमच्या घरात अशा गोष्टींबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही.

मी चारही स्क्रू आवळले. दादाने गाडी हलवली. वाजली नाही. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चल, चहा घे."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो.

स्पर्धा माळावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत होती. लाल दगड यंत्राने कापून नेल्यावर मागे राहतात त्या वीतभर उंचीच्या पायऱ्या, त्यांवर तुटके चिरे, आणि पलीकडे सरळ तीस फूट खाली उतरलेली भिंत. रविवारी सकाळी दहालाच शंभर-सव्वाशे माणसं जमली होती. एका टेम्पोवर कर्णा लावला होता. कोल्हापूर, बेळगावहून मुलं आली होती.

नारकर सर परीक्षक होते. आयटीआयच्या दोन विद्यार्थ्यांची गाडीही स्पर्धेत होती, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सरांबद्दल तशी शंका घेणारं माणूस तालुक्यात नव्हतं. सडपातळ, त्रेपन्न वर्षांचे, लांब बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. प्रत्येक गाडी उतरण्याआधी ते टेबलावर घेऊन तपासत होते.

माझी गाडी त्यांनी उचलली, पुढचं डावं चाक अंगठ्याने वर दाबलं आणि थांबले.

"हे कुणी आवळलं?"

मी गळ्यातला रिमोट चाचपला.

"मी काय सांगितलं होतं?"

"दादाला आवाज आवडत नाही, सर."

"वाजली तर चालेल. फुटली तर चालणार नाही." त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मागचे दोन्ही स्क्रू दोन-दोन आटे सैल केले. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तोंडाला काय झालं?"

"स्क्रू लागला."

सरांनी मान वळवून पलीकडे आमच्या व्हॅनकडे पाहिलं. दादा तिला टेकून उभा होता, आमच्याकडेच बघत.

"सुयोग, तू चोवीस वर्षांचा झालास," ते हळू आवाजात म्हणाले. एवढंच. पुढची गाडी त्यांनी ओढून घेतली.

मी व्हॅनपाशी आलो तर दादाने विचारलं, "काय करत होता तो?"

"काही नाही. बघत होते."

"हं," दादा म्हणाला आणि बिडी पेटवायला पलीकडे गेला.

मी गाडी खाली ठेवून दोन फूट चालवून पाहिली. खडखड झाली. दादा वीस पावलांवर होता. त्याने ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तरी मी गाडी उचलली, व्हॅनच्या मागच्या बाजूला गेलो आणि मागचे दोन्ही स्क्रू पुन्हा आवळले. पूर्ण, शेवटच्या आट्यापर्यंत. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पाहिलंही नाही.

आमचा नंबर सातवा होता.

पहिल्या तीन पायऱ्या गाडी सहज चढली. लोक टाळ्या वाजवत होते. दादा खालच्या पायरीवरून गाडीच्या बरोबरीने चालत होता आणि मला हाताने खुणा करत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, जे मी बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. वरून पाहिलं तर ती खरंच आप्पांची जीप वाटत होती. घाट चढणारी.

चौथ्या पायरीच्या कडेवर एक तिरका चिरा होता. पुढचं डावं चाक त्याच्यावर चढलं आणि मागचं उजवं फटीत उतरलं. चेसिस पिळली. मला ती पिळताना दिसली, आणि त्याच वेळी वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. बॉडी मधोमध तडकली. पुढचा भाग सुटून पुढच्या टायरवर पडला, टायर अडला, गाडी एका बाजूला कलली आणि कडेवरून गेली. तीस फूट. भिंतीला दोनदा आपटून खाली पडली.

टाळ्या थांबल्या. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बापासारखीच गेली रे."

आणि पाच-सहा माणसं हसली.

कोण बोललं ते मला आजही माहीत नाही. दादालाही कळलं नाही. तो हसणाऱ्यांकडे वळला, पण तोपर्यंत सगळ्यांचे चेहरे सरळ झाले होते. मग तो खाणीच्या तळाशी उतरला. खाली गाडी उताणी पडली होती आणि चाकं फिरत होती, कारण माझा अंगठा रिमोटवरून सुटलाच नव्हता. बॉडीचा मागचा अर्धा भाग चेसिसला घट्ट चिकटून राहिला होता. ते दोन स्क्रू ज्याने कुणी वाकून पाहिले असते त्याला सगळं कळलं असतं. दादाने फक्त पुढचा भाग उचलला. बॉनेट, काच आणि पोचा असलेलं मडगार्ड.

तो वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे झाले होते. व्हॅनपाशी जाऊन त्याने दार उघडलं आणि टॉमी काढली. जॅक फिरवायची हातभर लोखंडी सळी. आमच्या गॅरेजात तिच्याशिवाय दिवस जात नसे. एका हातात टॉमी, दुसऱ्यात बॉडीचा तुकडा घेऊन तो सरळ परीक्षकांच्या टेबलाकडे गेला.

"काय केलंस माझ्या गाडीला?"

सरांना अरे-तुरे करताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो. सर उभे राहिले.

"सत्यवान, ती सळी खाली ठेव."

"तू हात लावलास. मी बघितलं. हातात स्क्रू ड्रायव्हर होता. काय केलंस? आपल्या पोरांची गाडी पुढे जावी म्हणून?"

"हात लावला, हो," सर म्हणाले आणि थांबले.

थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर होतो, गळ्यात रिमोट अडकवलेला. ती नजर घाबरलेली नव्हती. वर्गात प्रश्न विचारल्यावर एखाद्याला उत्तर येतंय हे त्यांना माहीत असलं की ते असंच बघत थांबायचे.

फार तर तीन-चार सेकंद झाले असतील.

पहिला फटका सरांनी उजव्या हातावर झेलला. कोपराखाली हात जिथे वाकत नाही तिथे वाकला. सर ओरडले नाहीत, फक्त हवा गिळल्यासारखा आवाज आला, आणि त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. दुसरा फटका तोंडावर बसला. सर टेबलासकट मागे पडले. कागद, शिट्टी, पाण्याचा जग सगळं त्यांच्या अंगावर. त्यांनी उठायला उजवा पंजा जमिनीवर टेकला. दादाने त्या पंजावर टॉमी घातली. एकदा, दोनदा. खाली चिऱ्याचा दगड होता. तो आवाज मी कुणाला सांगू शकणार नाही.

बेळगावचा एक दणकट मुलगा मागून दादाला धरायला धावला. दादाने कोपर मागे मारलं, त्या मुलाच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि तो मटकन बसला. मग कुणी जवळ गेलं नाही. शंभर माणसं अर्धवर्तुळात उभी होती. दादाने टॉमी टाकली आणि लाथा मारायला सुरुवात केली. बरगड्यांत, पाठीत, पुन्हा तोंडावर. प्रत्येक लाथेबरोबर तो एकच शब्द म्हणत होता. "बोल. बोल. बोल."

सरांचं तोंड बोलायच्या अवस्थेत नव्हतं.

माझं होतं.

शेवटी खाणीवरचे जुने चार कामगार दोर घेऊन आले. त्यांनी मागून दोर टाकून दादाला खाली पाडलं आणि त्याच्यावर बसले. जमिनीला गाल टेकलेल्या अवस्थेत दादा रडत होता आणि "आप्पा" म्हणत होता. सरांना टेम्पोत घातलं. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही लाल झाली होती आणि पंजा दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लोंबत होता.

त्या गोंधळात मी एक गोष्ट केली. टॉमी उचलली आणि व्हॅनच्या सीटखाली सरकवली.

दुपारी पोलीस आले. हवालदार गुरव आमच्या ओळखीचे, आप्पांच्या वेळचे. त्यांनी मला झाडाखाली बसवून विचारलं, "काय झालं?"

"मी रिमोटकडे बघत होतो."

"मारताना बघितलं नाहीस?"

"नाही."

"हातात काय होतं त्याच्या?"

"बघितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तसं लिहून घेतलं. इतरांनीही तेच सांगितलं. कुणी भजी घ्यायला गेलं होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. दादाला घाबरत नाही असं माणूस त्या माळावर नव्हतं. सर शुद्धीवर नव्हते. टॉमी कुणालाच सापडली नाही. साध्या मारामारीचं कलम लागलं आणि दादा दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी आला. आंघोळ करून जेवला. वहिनीने वाढलं. माझी चार वर्षांची पुतणी, चिमी, त्याच्या ताटातला पापड मागत होती. तो तिला तुकडे करून देत होता.

"मला फसवलं त्याने," जेवताना तो म्हणाला. "माझ्या आप्पांना सगळ्यांसमोर खाली पाडलं."

मी भात कालवत राहिलो.

चौथ्या दिवशी मी रत्नागिरीला इस्पितळात गेलो. वहिनीला फक्त सांगितलं, "सरांना बघून येतो." ती म्हणाली, "जा. तुझ्या दादाला मी सांगणार नाही."

सर खाटेवर अर्धवट बसले होते. जबडा पट्टीने बांधलेला, पुढचे दात नव्हते. उजव्या पंजाची तीन बोटं काढावी लागली होती. उरलेला पंजा पांढऱ्या गुंडाळीत छातीवर ठेवलेला. नारकर काकू शेजारी होत्या. मला पाहून त्या उठल्या आणि बाहेर निघून गेल्या.

मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"सर, मागचे स्क्रू मी परत आवळले होते," मी म्हणालो. "तुम्ही सैल केल्यावर."

त्यांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"आवाजावरून," सर म्हणाले. शब्द दातांच्या जागेतून फुसफुसत बाहेर येत होते; मला पुढे वाकावं लागलं. "सैल असती तर तडकली नसती."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत? एक वाक्य होतं. सुयोगने आवळले म्हणाला असतात तर..."

सरांनी खिडकीकडे पाहिलं. मी मनाशी उत्तर तयार केलं होतं. मला वाटलं होतं ते म्हणतील, मी तुला वाचवलं. सांगितलं असतं तर ती सळी तुझ्या डोक्यात बसली असती. तसं ते म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरून रडलो असतो आणि मला बरं वाटलं असतं.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," सर म्हणाले.

मी त्यांच्या गुंडाळलेल्या पंजाकडे पाहिलं.

"पहिला फटका बसला तरी वाटलं, आता सांगेल. दुसऱ्यानंतर मला बोलता येईना." त्यांनी डोळे मिटले. "आता जा. दुखतंय मला."

मी परतीच्या एसटीत बसलो ते सरळ गॅरेजात गेलो. चार वाजले असतील. दादा एका ओम्नीच्या दारावरच्या पोच्यात पोटीन भरत होता. एकटाच होता.

"दादा, सरांनी मागचे स्क्रू सैल केले होते," मी म्हणालो. "बॉडी फुटू नये म्हणून. मी ते परत आवळले. म्हणून फुटली."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं.

त्याने पोटीनची पट्टी खाली ठेवली. हात फडक्याला पुसले. "तू आवळलेस."

"हो."

"आणि तू तिथे उभा होतास."

"हो. टॉमी मी लपवली. व्हॅनमध्ये आहे. ती घेऊन मी आता चौकीवर जाणार आहे."

मला वाटलं होतं तो आधी ओरडेल. तो ओरडला नाही. त्याची मूठ माझ्या डोळ्याखाली बसली आणि मी ओम्नीच्या दारावर आपटलो. ओलं पोटीन गालाला लागलं. मी सरळ उभा राहिलो. दुसरा ठोसा पोटात. मी गुडघ्यावर आलो आणि परत उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर मान खाली घातली नव्हती, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता. त्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. खांद्यात काहीतरी तुटलं, ते मला आतून ऐकू आलं. त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती आले. "माझ्या हातून," तो म्हणत होता, "माझ्या हातून करवलंस." त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात मात्र आवळत होते. छताचा पत्रा मला काळा दिसायला लागला.

"सत्यवान."

दारात वहिनी होती. चिमी तिच्या कडेवर. वहिनीने त्याला आजवर नावाने हाक मारली नव्हती; आमच्याकडे तशी पद्धत नाही. तिने आवाजही चढवला नव्हता.

"सत्यवान, सोड त्याला. चिमी बघतेय."

हात सैल झाले. मी भिंतीवरून घसरत खाली बसलो. दादा मागे सरकत सरकत ओम्नीच्या पायरीवर बसला आणि आपल्या तळहातांकडे बघत राहिला. वहिनी माझ्याजवळ आली, पदराने माझ्या डोळ्यावरचं रक्त टिपलं आणि म्हणाली, "चालता येतंय ना? मग जा. मी आहे इथे."

"तुला काही करेल तो."

"आज नाही करणार," वहिनी म्हणाली.

व्हॅनच्या सीटखालून मी डाव्या हाताने टॉमी काढली. उजवा हात वर होत नव्हता. बाजारातून चौकीपर्यंत लोक दुकानांतून उठून बघत होते. चौकीत हवालदार गुरव होते. माझ्याकडे बघून ते खुर्चीतून अर्धे उठले.

"कुणी मारलं रे तुला? सत्यवानने?"

मी टॉमी त्यांच्या टेबलावर ठेवली. तिच्या टोकाला अजून वाळलेलं रक्त होतं.

"ते नंतर," मी म्हणालो. "आधी रविवारचं लिहून घ्या."

माझा जबाब झाल्यावर आठवडाभरात आणखी अकरा जण पुढे आले. दादाला तीन वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात त्याच्या वकिलाने मला विचारलं की चूक तुमची असताना भावाला का अडकवता. मी म्हणालो, चूक माझी होती आणि सळी त्याच्या हातात होती, दोन्ही लिहा. दादा पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत नव्हता. मी गाव सोडलं आणि कोल्हापूरला ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात लागलो. वहिनी चिमीला घेऊन माहेरी गेली आणि तिथेच अंगणवाडीत काम करू लागली. दादा सुटल्यावरही ती परत आली नाही.

दादा सुटला आणि महिन्याभराने कारखान्यात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केस अर्धे पांढरे झाले होते. मी हातातलं काम ठेवलं. नकळत एक पाऊल मागे सरकलो, आणि ते त्याने पाहिलं.

"सरांकडे गेलो होतो," तो म्हणाला.

"मग?"

"दार उघडलं नाही. काकूंनी खिडकीतून सांगितलं, जा इथून. तासभर अंगणाच्या दगडी गडग्यावर बसलो नि आलो." त्याने चप्पल जमिनीवर घासली. "येत्या रविवारी परत जाणार."

"नाहीच उघडलं तर?"

"नाही उघडलं तर नाही उघडलं." मग माझ्याकडे न बघता, "तू येतोस?"

इस्पितळातल्या त्या दिवसानंतर मीही त्यांच्या दारात गेलो नव्हतो. कोर्टात ते समोर दिसले तरी मी खाली बघत होतो.

रविवारी आम्ही गेलो. दार बंद होतं. पुढच्या रविवारीही. आम्ही गडग्यावर शेजारी शेजारी बसायचो, एकमेकांशी फारसं न बोलता, आणि दुपारच्या गाडीने परत यायचो. असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी कडी वाजली.

दारात सर होते. डाव्या हाताने चौकट धरलेली. उजवा हात शर्टाच्या बाहीत होता, बाहीचं बटण लावलेलं. त्यांनी आत या म्हटलं नाही. दादा गडग्यावरून उठला आणि जागीच थांबला, म्हणून मी त्याला दंडाला धरून पुढे आणलं. सरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुमच्यातलं आधी कोण बोलणार?" त्यांनी विचारलं.

मी दादाचा दंड सोडला.

"मी," मी म्हणालो.